फाटकाबाहेरून केलेलं ऑडिट

क्वालिटी डिपार्टमेंटचा जाधव एकदा जेवणाच्या रांगेत व्हर्नियर घेऊन उभा राहिला होता. व्हर्नियर म्हणजे लोखंडी पार्टची जाडी मोजायचं साधन, केसाएवढा फरकही त्यात कळतो. त्याने ताटातली चपाती उचलली, व्हर्नियरच्या जबड्यात धरली आणि सगळ्यांसमोर मला म्हणाला, "मामा, सोमवारपेक्षा पातळ झालीय बघा. पीठ कमी पडायलंय का कंत्राटदार जाड व्हायलाय?" सगळी रांग खो खो हसली. माझं डोकं असं फिरलं की विचारू नका. पण आत जाऊन चपातीचं मशीन बघितलं, तर रोलरचा स्क्रू खरंच ढिला होऊन रोलर खाली सरकला होता. जाधवचं माप बरोबर निघालं, आणि हे मला त्याला बाहेर येऊन सांगावं लागलं.

मी सावंत. मूळ कोकणातला, राहायला चिंचवडला, आणि उमेदीची सगळी वर्षं कारखान्यांच्या कॅन्टीनमध्ये घालवलेला माणूस. शेवटची अकरा वर्षं चाकणला गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एका कंपनीत कॅन्टीन मॅनेजर होतो. कंपनीचं नाव सांगत नाही, त्याने काही बिघडत नाही. बाहेरच्या माणसाला वाटतं, कॅन्टीन म्हणजे काय, मोठ्या पातेल्यात भाजी ढवळायची. अहो, तसं असतं तर मी आज दहा किलोने जाड असतो. शिफ्टला आठशे ताटं. हॉटेलात जेवण नाही आवडलं तर गिऱ्हाईक दुसऱ्या हॉटेलात जातं. आमचं गिऱ्हाईक उद्या सकाळी परत समोर, तेच तोंड घेऊन, कालची आठवण ठेवून. बीडचा, लातूरचा, साताऱ्याचा, चाकणच्या आसपासच्या वाड्यांमधला, प्रत्येकाच्या जिभेवर त्याच्या आईची भाजी असते आणि शिव्या मला पडतात.

अंड्याचंच घ्या. आमच्याकडे पहिल्या शिफ्टच्या नाष्ट्याला उकडलेलं अंडं आणि आठवड्यातून दोनदा अंडाकरी. हे सोपं काम वाटतं ना? ताजं, त्याच दिवशीचं अंडं उकडलं तर ते धड सोलत नाही, कवचाबरोबर अर्धं पांढरं निघून येतं. चार-पाच दिवस ठेवलेलं अंडं गुळगुळीत सोलतं. फार ठेवलं तर मात्र बादलीतल्या पाण्यात टाकल्यावर वर येतं, ते फेकायचं. हे आठशेच्या हिशेबात सांभाळायचं तर अंडी देणारा माणूस घड्याळासारखा लागतो. माझ्या नशिबाने तसा मिळाला, म्हणजे मिळाली.

राजगुरुनगरच्या पुढे एका वाडीत इंदूताईंची पोल्ट्री होती. अंड्यांच्या कोंबड्यांची एकच शेड, फार मोठी नाही. कोंबड्या बघायच्या इंदूताईंनी आणि छोट्या टेम्पोतून अंडी पोचवायची त्यांच्या यजमानांनी, दत्तोबांनी. सात वर्षांत दत्तोबांचा टेम्पो दोनदा उशिरा आला, आणि दोन्ही वेळा कारण चाकणच्या चौकातलं ट्रॅफिक होतं. त्याचा दोष मी देवालाही देणार नाही. दर शनिवारी दत्तोबा एक ट्रे वेगळा काढायचे. "हा तुमच्या घरचा, साहेब. तिनं वेचून दिलाय." मी पैसे द्यायचो, ते कुरकुरत घ्यायचे.

त्या हिवाळ्यात बर्ड फ्लूची बातमी आली. रोग आमच्यापासून दोन-तीन जिल्हे लांब होता, पण टीव्हीला जिल्ह्यांच्या हद्दी कुठे असतात? सगळ्या चॅनेलवर तेच चित्र, पांढरे अंगरखे घातलेली माणसं आणि खड्ड्यात टाकलेली पोती. डॉक्टर सांगत होते की नीट उकडलेल्या, शिजवलेल्या अंड्याला काही होत नाही. ते कोणी ऐकत नव्हतं, पोती बघत होतं. पहिल्या आठवड्यात नाष्ट्याची निम्मी अंडी उरली. पोरं अंड्याऐवजी केळं मागायला लागली.

आणि इथे मी माझ्या नोकरीतली सर्वांत मोठी चूक केली. कॅन्टीनच्या दारात नोटीस लावली. ठळक अक्षरात, कंत्राटदाराच्या शिक्क्यासकट: "आपल्या कॅन्टीनमधील अंडी पूर्णपणे सुरक्षित आहेत. कृपया अफवांवर विश्वास ठेवू नये."

दुसऱ्या दिवशी सगळीच्या सगळी अंडी उरली.

मला कळेना, काय झालं. शेवटी भांडी घासणाऱ्या मावशींनी समजावलं. म्हणाल्या, "साहेब, हितं नोटीस कधी लागते? ओव्हरटाइम बंद झाला की. बोनस कमी झाला की. पोरांनी तुमचा कागद लांबूनच बघितला आन् समजली, कायतरी भानगड हाय." इतकी वर्षं कारखान्यात काढून मला ही साधी गोष्ट सुचली नव्हती. मग मी चूक दुरुस्त करायला दुसरी चूक केली. इंदूताईंच्या कोंबड्यांचे नमुने सरकारी पशुवैद्यक घेऊन गेले होते आणि त्यात काही निघालं नव्हतं. तो रिपोर्ट मागवून मी नोटिशीशेजारी चिकटवला.

जाधव त्याच्यापुढे उभा राहिला. वाचलं. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मामा, कागद कुणाला दाखवायलाव? कस्टमरचं ऑडिट असलं की आदल्या दिवशी आम्हीच बसून कागद करतोत. सहा महिन्यांचे. एका पेनानं." आजूबाजूचे सगळे हसले, पण त्या हसण्यात गंमत नव्हती. रिपोर्ट खरा होता हो! पण मी ते कुणाला पटवणार?

तिकडे इंदूताईंची अवस्था वाईट होती. दुकानदारांनी अंडी घेणं थांबवलं, भुर्जीच्या गाड्यांनी थांबवलं, चाकणच्या दोन मेसवाल्यांनीही फोन उचलायचं बंद केलं. कोंबडीला काही मंदी कळत नाही, ती रोज अंडं देतच राहते. राहता राहिलो आम्ही. दत्तोबांनी एके दिवशी टेम्पोच्या फळीला टेकून सांगितलं, "तुमचं बंद झालं तर आमीबी बंद. ती म्हनते, कोंबड्या देऊन टाकू आन् शेडला कायमचं कुलूप. परत न्हाई मांडायचा हा पसारा." अठरा वर्षं त्या बाईने ती शेड उभी ठेवली होती. मी म्हणालो, बघतो काहीतरी.

कॅन्टीन कमिटीची बैठक झाली. कमिटीत कामगारांचे तीन प्रतिनिधी, एचआरचे साहेब आणि मी. दोघा कामगारांचं म्हणणं होतं, अंडं बंद करा, पनीर द्या. साहेबांना पनीरचा खर्च दिसत होता म्हणून ते गप्प होते. तिसरा प्रतिनिधी जाधव. तो म्हणाला, "बंद करायचं तर करू. पण आपण कुठला सप्लायर न बघता बंद करतोत का? पार्ट खराब आला तरी आधी जाऊन बघतोत. तिथं जाऊ, शेड बघू, मग काय ते ठरवू."

साहेबांना हे एकदम पटलं. पुढच्या सुट्टीच्या दिवशी जायचं ठरलं. मी इंदूताईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "या की. पर आत न्हाई घेनार." मी मनात म्हटलं, बायका असं बोलायचं म्हणून बोलतात, पाहुणे दारात आल्यावर कोण अडवतं? आणि बैठकीत छातीठोक सांगितलं, "शेड आतून दाखवतो. जबाबदारी माझी."

सुट्टीच्या दिवशी कंपनीच्या गाडीतून आम्ही पाचजण निघालो. साहेब पुनावळ्याहून येणार म्हणून नाशिक फाट्यावर अर्धा तास थांबलो. ते आले ते पांढऱ्या शुभ्र बुटांत. राजगुरुनगरच्या अलीकडे चहा घेतला, पाय मोकळे केले, वाडीत पोचलो तेव्हा उन्हं चांगली वर आली होती.

शेडभोवती तारेचं कुंपण, पुढे लोखंडी फाटक, फाटकाला साखळी आणि कुलूप. उंबऱ्याच्या जागी चुन्याचा जाड पट्टा. आत पाय बुडवायला औषधाच्या पाण्याचा टब आणि त्याच्या पलीकडे रबरी चपलांचा एकच जोड. दत्तोबा आमच्याबरोबर फाटकाबाहेरच उभे. हाक मारल्यावर इंदूताई आल्या. पन्नाशीच्या, किरकोळ बांध्याच्या, डोक्याला फडकं बांधलेलं. मला हात जोडून नमस्कार केला आणि कुलपाला हातही लावला नाही.

"ताई, उघडा," मी म्हणालो.

"फोनवर सांगितलं व्हतं ना साहेब. आत न्हाई."

साहेब पुढे झाले. "बाई, आम्ही एवढ्या लांबून आलोय. तुमची ऑर्डर चालू ठेवायची की बंद करायची, ते आज ठरणार आहे. पाच मिनिटं बघतो आणि जातो."

"ऑर्डर तुमची हाय, साहेब. बंद करायची तर करा. कोंबड्या माझ्या हायेत."

"अहो, पण लपवण्यासारखं काही नसेल तर—"

"ह्यांना इचारा," त्यांनी दत्तोबांकडे बोट दाखवलं. "ह्यांनाबी आत घेत न्हाई. अंडी घेऊन धा ठिकानी फिरत्यात. माझा डबा घरून आनत्यात, हितं फाटकावर ठेवून जात्यात. रोगाची बातमी आली त्या दिवसापास्नं मी हितंच ऱ्हाते. माझ्या भावाच्या पोरीचं लगीन झालं, मी गेले न्हाई. आन् तुमाला घेऊ?"

दत्तोबा खाली बघत नुसते हसले. बिचाऱ्याला सवय झाली असणार.

आता जाधव पुढे आला. मला वाटलं, झालं, हा आता बाईंची धुलाई करणार. पण इंदूताईंनीच त्याला विचारलं, "तुमी वाटंत कुठं थांबला व्हता?"

"चहाला."

"कुठं?"

जाधवने टपरीची जागा सांगितली. बाई म्हणाल्या, "तिच्या शेजारी कोंबड्यांचं दुकान हाय. जिवंत कोंबड्यांचे पिंजरे रस्त्यावर मांडलेले असत्यात. पिसं, घाण, समदं खाली पडतं. तुमी तिथंच उभं राहून च्या प्यालात ना?"

आम्ही पाचजणांनी एकदमच आपापल्या पायांकडे बघितलं. साहेबांच्या पांढऱ्या बुटाच्या टाचेला खरंच एक पीस चिकटलं होतं.

"तुमाला माझ्या अंड्यांचा भरवसा न्हाई," बाई म्हणाल्या, "मला तुमच्या चपलांचा न्हाई."

खरं सांगतो, कंपनीत मोठमोठे परदेशी कस्टमर ऑडिटला आलेले मी पाहिलेत, पण जाधवचं तोंड बंद झालेलं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. त्याने नरमाईने विचारलं, "मग आम्ही बघावं काय?"

इंदूताई आत गेल्या आणि एक शाळेची वही घेऊन आल्या. ती त्यांनी तारेच्या आतून उघडून धरली, पानं उलटत गेल्या. जाधवने कुंपणाबाहेरून फोटो काढले, अंगठ्याने मोठे करून वाचले. रोजची अंडी किती, पाणी किती प्यायल्या, खाद्य किती, मेल्या किती. वेगवेगळ्या पेनांनी लिहिलेलं, मध्येच पेन्सिल, एका पानावर हळदीचा डाग. एका ठिकाणी जाधव थांबला आणि मोठ्याने वाचलं, "'दोन मेल्या. का ते कळलं न्हाई. डॉक्टरला फोन केला.'" त्याने मान वर केली. "हे तुम्ही कशाला लिहिलंत?"

"मेल्या म्हनून लिवलं."

"पण कळलं नाही असं लिहिलंय."

"न्हाई कळलं तर काय लिवू? डॉक्टर आले, घेऊन गेले, तपासलं, तो रोग न्हवता. ते फुडच्या पानावर हाय."

माझ्याकडे वळून जाधव हळूच म्हणाला, "मामा, आमच्या रजिस्टरमध्ये 'कळलं नाही' असं कुणी लिहीत नाही." त्याच्या आवाजात जो आदर होता तो मी आधी कधी ऐकला नव्हता. मलाही अभिमानाने भरून आलं, जणू ती वही मीच लिहिली होती. आणि तेवढ्यात इंदूताई माझी बाजू भक्कम करायला गेल्या.

"सावंतसाहेब, तुमीच सांगा ह्यांना. दर शनवारी तुमच्या घरी माझीच अंडी जात्यात. घरची मानसं खात्यात का न्हाई?"

गेले तीन शनिवार तो ट्रे घरी गेलाच नव्हता. माझ्या सुनेला सातवा महिना चालू होता. पहिली बातमी बघितली त्या रात्रीच मी बायकोला सांगितलं होतं, घरात अंडं आणायचं नाही. दत्तोबांकडून ट्रे हसत घ्यायचो, पैसे द्यायचो आणि कॅन्टीनच्या साठ्यात मिसळून टाकायचो. म्हणजे आठशे माणसांच्या ताटात जे वाढत होतो, शिक्का मारून सुरक्षित म्हणत होतो, ते माझ्या सुनेच्या ताटात मला नको होतं.

हो म्हणालो असतो तर कोणाला कळलं असतं? साहेब तर हो ऐकायलाच उभे होते. पण समोर ती वही अजून उघडी होती. माझ्याने खोटं बोलवेना.

"नाही, ताई," मी म्हणालो. "तीन आठवडे घरी नेलेली नाहीत. सुनेला दिवस गेलेत. मी घाबरलो."

साहेबांनी कपाळावर हात मारला. दत्तोबांनी माझ्याकडे बघितलं आणि नजर दुसरीकडे वळवली. ते मला सर्वांत जास्त लागलं. ऑर्डर गेली, असंच सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं, या बाईची अठरा वर्षं मी एका वाक्यात मातीत घातली.

इंदूताईंनी वही मिटली, फडक्यात गुंडाळली.

"भ्यालात व्हय," त्या म्हणाल्या. "मीबी भ्यालेय. म्हनून तर कुलूप हाय."

परतीच्या वाटेवर मोशीपाशी साहेब म्हणाले, "सावंत, तुम्हाला तिथे राजा हरिश्चंद्र व्हायची काय गरज होती?" जाधव खिडकीबाहेर बघत होता.

दुसऱ्या दिवशी पहिल्या शिफ्टला मी पोचलो तर कॅन्टीनच्या दारातली माझी नोटीस गायब. त्या जागी जाधवच्या अक्षरातला कागद. कंपनीत सप्लायर ऑडिटचा रिपोर्ट लिहितात त्याच पद्धतीने लिहिलेला:

"शेड आतून बघता आली नाही. बाईंनी आत घेतलं नाही. त्यांच्या नवऱ्यालाही घेत नाहीत. सप्लायरकडे त्रुटी: नाही. कॅन्टीनमध्ये त्रुटी: एक, मॅनेजर. स्वतः घाबरून घरी अंडी नेत नव्हते, इथे सुरक्षित म्हणून नोटीस लावत होते. त्यांनी स्वतःच कबूल केलं. उपाय: मॅनेजरनी रोज पहिल्या शिफ्टला सगळ्यांसमोर एक अंडं खावं. तपासणी: मी करीन."

कागदासमोर ही गर्दी! मला जमीन दुभंगून आत घेईल तर बरं असं झालं. मी कागद फाडणार होतो, खोटं कशाला सांगू. पण रांगेतून एकजण ओरडला, "काय मामा, घरी काय केलं आज? पनीर?" आणि सगळे हसले. हे हसणं वेगळं होतं, आधीच्यासारखं कडवट नव्हतं. कोणीतरी विचारलं, नवऱ्याला पण आत घेत नाही म्हणजे काय? जाधव ऐटीत चपलांची, पिसाची, वहीची सगळी गोष्ट सांगायला लागला. तोपर्यंत मी एक अंडं सोललं. घाईत अर्धं पांढरं कवचाबरोबर गेलं. मीठ लावून सगळ्यांसमोर खाल्लं. मग जाधवने दोन घेतली. त्याच्यामागच्याने एक घेतलं.

त्या दिवशी निम्मी अंडी संपली. पुढच्या आठवड्यात कमी पडली. पनीरचं नाव कोणी काढलं नाही आणि इंदूताईंची ऑर्डर एक दिवसही थांबली नाही. माझी शिक्षा मात्र रिटायर होईपर्यंत चालू राहिली. डॉक्टर म्हणायचे सावंत, कोलेस्टेरॉल. मी म्हणायचो, डॉक्टर, जाधव.

शिमग्याच्या सुमाराला मला नात झाली. मुलगी झाली की बर्फी वाटतात, पण मी पेढेच घेतले आणि राजगुरुनगरची बस धरली. एव्हाना बर्ड फ्लूच्या बातम्या थांबल्या होत्या. फाटकाला साखळी, साखळीला कुलूप, चुन्याचा पट्टा नवा मारलेला.

"ताई, आता तरी?" मी विचारलं.

"रोग गेला म्हनत्यात. मला कुठं त्यो सांगून गेलाय?" त्या हसल्या. "पेढं तिथं दगडावर ठेवा, मी मागनं घेते. नातीचं नाव काय ठेवलं?"

मी नाव सांगितलं. त्यांनी सुनेची तब्येत विचारली, बाळाचं वजन विचारलं. माझ्यावर राग आहे का, हे विचारायला मी मनात चार वाक्यं जुळवून आलो होतो. एकही तोंडातून निघेना. शेवटी नुसतं, "ताई, त्या दिवशी..." एवढंच म्हणालो.

त्यांनी मला पुढे बोलू दिलं नाही. आत गेल्या आणि अंड्यांचा एक ट्रे घेऊन आल्या. फाटकावरून हात उंच करून तो माझ्या हातात दिला. तीस अंडी, एकसारखी, पुसून ठेवलेली.

"बाळंतिनीला हायेत," त्या म्हणाल्या. "ह्या खेपेला घरी न्या, साहेब."

चिंचवडपर्यंत तो ट्रे मी मांडीवर धरून आणला. शेजारच्या माणसाने दोनदा म्हटलं, खाली ठेवा की राव. मी ठेवला नाही. घरी पोचल्यावर बायकोने त्यातली दोन अंडी उकडली, सुनेच्या ताटात वाढली. तिने पहिला घास घेतला आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, तुम्ही रडताय का?" मी म्हटलं, हो.